डाव्या हाताची फौज

आमच्या ह्यांना खुळा म्हणायचा हक्क फक्त माझा. लग्न करून मिळवलाय मी तो. दिरांनी म्हटलेलं मी खपवून घेणार नाही.

हे म्हणजे चिंतामणी, शाळेत हेडक्लार्क. दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं प्लास्टरचे मावळे मांडतात ना, ते ह्यांनी बारा महिने सांभाळले. दर रविवारी काल्हेरहून ह्यांचे दोस्त बाळाराम यायचे आणि हे दोन घोडे झालेले बाप्ये निजामपुऱ्यातल्या आमच्या खोलीत सतरंजी पसरून, फासे टाकून लढाया खेळायचे. आरडाओरडा असा, की खालच्या कापड विणायच्या लूमचा खडखडाट ऐकू येऊ नये.

शहाऐंशी साली माळ्यावरून फौजेची पेटी उतरवताना ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पेटीसकट खाली आले. उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं आणि मावळ्यांच्या मुंडक्यांचा पार चुरा झाला. धडं तेवढी वाचली.

मग हे नुसते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी शाडू आणली, नवी मुंडकी वळली, वाळवून रंगवली आणि ह्यांच्यापुढे ठेवली.

"बसवा आता. डावा हात आहे ना अजून?"

ह्यांनी डिंक लावून बसवली. मावळा उचलला की मुंडकं गळून पडायचं. धाकटे दीर, हरीभाऊजी, बघत होते.

"वहिनी, कशाला त्याचे हाल करता? दादाला आता हे झेपायचं नाही. रविवारी येतो आणि पेटी बालवाडीला देऊन टाकतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी गेली की ह्यांनी करायचं काय? जेवायचं, गोळ्या गिळायच्या आणि पडून राहायचं? असला नवरा मला नको होता. साफ सांगते.

"हात तर लावून बघा पेटीला!" मी म्हटलं.

ते गेल्यावर हे अडखळत म्हणाले, "नुसत्या डिंकानं... मान टिकत नाही. आत तार हवी."

लूमच्या फणीच्या तुटक्या तारा गल्लीत हव्या तेवढ्या. मी ओंजळभर वेचून आणल्या. धड धरायला गेले, तर हात झटकला माझा! मग कणकेचा गोळा दिला. त्यात धड खोचून ह्यांनी दाभणानं मानेत भोक पाडलं, मुंडक्यातही पाडलं. दोन नळ्यांचं चिकटवायचं सोल्युशन कालवून तार दोन्हीकडे रुतवली, मुंडकं दाबलं आणि सुकेपर्यंत कुणाला शिवू दिलं नाही. काही माना फुटल्या. मला शिव्या बसल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रविवारी बाळाराम आले, पाठोपाठ पिशवी घेऊन हरीभाऊजी. फौज सतरंजीवर उभी. भाऊजींनी सरदाराला मुंडक्यालाच धरून उचललं आणि गदगदा हलवलं. मुंडकं जागचं हललं नाही.

"अरे दादा, ह्याचं तोंड पाठीकडे बसलंय! दे, मी सरळ करतो." त्यांनी पिळून पाहिलं. छे!

ह्यांनी डाव्या हातानं सरदार हिसकावून घेतला.

"राहू दे. मागं बघतोय तो. कोण कोण... आधीच पळालं ते."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. बाळाराम म्हणाले, "मी काय मुरवत करनार न्हाय हां, चिंतामणराव."

"मागितलीय कुणी?" हे म्हणाले.

मी ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"भाऊजी, बसायचं तर बाळारामांच्या बाजूला बसा," मी म्हटलं. "इकडची जागा भरली."