दाराजवळची चटई

पांडेसरा वस्तीतल्या त्या खोलीत दर रविवारी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमायची. आज पाळकांनी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट एस्तेरसमोर धरलं, तेव्हा तिचा हात पुढे झालाच नाही.

आईला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. धुळ्याला हिंदू भावाच्या दहाव्याला आई जेवून आली, एवढाच तिचा गुन्हा; दुसऱ्या धर्माच्या विधीतलं अन्न मंडळीत वर्ज्य. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या वेळी तिला दाराजवळच्या चटईवर बसवायचे आणि ताट तिला वगळून फिरायचं. मान खाली घालून ती बसायची. तशीच ती गेली.

"घे, बेटा," पाळक म्हणाले. "आई आता प्रभूजवळ आहे."

"प्रभूनं जवळ घेतलं तिला. तुम्ही का नाही घेतलं?"

"मंडळीची शिस्त असते, पोरी."

"येशू मेला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला, देवाजवळ जायची वाट मोकळी झाली, हे तुम्हीच शिकवलंत. मग माझ्या आईपुरता तो पडदा पुन्हा शिवला कुणी?"

एस्तेर उठली आणि आईच्या चटईवर जाऊन बसली. "द्यायचं असेल तर इथे आणून द्या."

पाळक ताट धरून नुसते उभे राहिले. शेवटी प्रमिलामावशींनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. आईला वगळून ताट पुढे देणाऱ्या याच मावशी. त्या चटईवर येऊन टेकल्या, पण मान काही वर करेनात.

एस्तेरचा राग उतरला नव्हता. तरी तिनं तुकडा मोडला. ती भाकर पाळकांची नव्हती.