घंटेनंतरची मेंढी

मी एक जुना कानरक्षक आहे, मित्रांनो, आणि मला कुणाची कीव नको! दोन प्लास्टिकच्या वाट्या, आत फोम, वर पोलादी पट्टी. डोक्यावर चढवलं की कान झाकले जातात आणि गोंगाट बाहेर राहतो, एवढंच माझं काम.

कारखान्यातून मी थेट ऑस्ट्रेलियातल्या लोकर कातरायच्या शेडमध्ये आलो. पत्र्याचं छप्पर, आठ यंत्रांची घरघर आणि वर ठणाणा करणारा रेडिओ! मला विकत घेतलं नोलीननं. तिथे मेंढ्या कातरणारी ती एकटीच बाई. तिचे वडील क्लॅरी म्हणजे शेडमधला सर्वांत तेज हात.

मला बघून ते पहिल्याच दिवशी हसले. "काय गं, कानांना थंडी वाजते का? हे डबडं घालून घंटा ऐकू येणार आहे का तुला?"

घंटेचा मान तिथे मोठा. मजुरी मेंढीमागे मिळते आणि पाळी घंटेनं संपते. घंटेआधी धरलेली मेंढी पुरी कातरता येते, पण घंटेनंतर ओढली तर ती चोरीच.

"येईल ऐकू," नोलीन म्हणाली, "आणि म्हातारपणीही येईल. तुमचं तुम्ही बघा, बाबा."

वर्षानुवर्षं माझी टिंगल झाली. कुणी तर माझ्या वाटीत उरलेला चहा ओतला! मी हटलो नाही. नोलीन मला पुसायची, फोम झिजला की बदलायची. क्लॅरी मात्र पुढे पुढे सारखे "आँ? काय?" करायचे आणि लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून चिडायचे.

एके दिवशी घंटा झाली. मी कानांवर असूनही नोलीननं ती ऐकली आणि यंत्र बंद केलं. सगळे थांबले. इतक्यात क्लॅरी मागच्या कोंडवाड्यातून एक नवी मेंढी ओढत बाहेर आले.

"क्लॅरी, घंटेनंतर?" कामगारांचा पुढारी बर्ट आडवा आला. "चोरी करतोस?"

क्लॅरींनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. घंटा होऊन गेली, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी मान ताठ! "हो, ओढली. काय करशील?"

"मग उद्यापासून तुझी जागा सोड."

चाळीस वर्षांची जागा! चोर म्हणवून घेतील, पण बहिरा म्हणवून घेणार नाहीत. असा संताप आला मला! नोलीननं मला काढून हातात धरलं आणि ती वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, घंटा ऐकू आली का? खरं सांगा."

क्लॅरी म्हणाले, "नाही गं. दोन वर्षं झाली. तुमचे हात थांबले की मी थांबतो. आज आत होतो, दिसलं नाही."

बर्टनं मेंढी परत कोंडवाड्यात सोडली. क्लॅरींची जागा राहिली. आता घंटा झाली की नोलीन लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटते, ते त्यांना तळपायांतून कळतं. तिनं स्वतःला नवा कानरक्षक घेतला आणि मी क्लॅरींच्या डोक्यावर चढलो. त्यांचं गेलेलं ऐकणं मी परत आणू शकत नाही, मित्रांनो. उरलेलं मात्र सोडणार नाही! म्हणून सांगतो, कान शाबूत असतानाच मला घाला.

परवा एक नवा गडी मला बघून फिदीफिदी हसला. "काय क्लॅरीकाका, कानांना थंडी वाजते का?"

क्लॅरींनी मला काढलं आणि कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"परत म्हण, मोठ्यानं. मी पण असाच हसलो होतो."