सायलेंट उगो

“हा नको, मम्मी! हा रडतो!”

उगोनं पंखा कानापाशी धरला, बोटानं फिरवला आणि बाजूला टाकला. त्याचं बोलणं समोरच्या रांगेतल्या माझ्या दुकानात स्वच्छ ऐकू आलं, आणि मधे तर जनरेटर धडधडत होते. आवाज न करणारे कॉम्प्युटर बांधणारा हा माणूस इकेजाच्या अख्ख्या कॉम्प्युटर बाजारात सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. म्हणून त्याचं नाव सायलेंट पडलं होतं. ते मीच पाडलं होतं. चार्जर विकणाऱ्याला दिवसभर दुसरं काम काय असतं?

गिऱ्हाईक म्हणजे इबिरोंके मम्मी. साठीच्या, म्हणून अख्ख्या बाजाराच्याच मम्मी; लेसच्या कापडाच्या व्यापारी. त्यांना गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय हे कानावर आलं आणि मी स्टूल उचलून तिकडेच गेलो.

“हसू नकोस, रसाकी,” मम्मी म्हणाल्या. “माझा पोरगा तोमिवा तिकडं परदेशात, विनिपेगला असतो. फोन केला की ‘हो मम्मी, जेवलो मम्मी’. संपलं. पण खेळात आम्ही दोघं मिळून शेत करतो. तो तिकडून ट्रॅक्टर चालवतो, मी इकडून कोंबड्या बघते. हात कामात असले ना, की बोलतो. त्याची नोकरी गेली तेसुद्धा मला कोंबड्यांना दाणे टाकताना कळलं.”

“मग अडलंय कुठं?”

“जुना कॉम्प्युटर असा घोंघावतो, की पोरगा विचारतो, ‘मम्मी, जनरेटरजवळ बसलीस का?’ मग म्हणतो, उद्या बोलू. तो उद्या काही येत नाही.”

“काय म्हणालात?” उगो ओरडला. मम्मींनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकलं आणि मान हलवली.

मग निवडानिवड सुरू झाली. मम्मींना रंगीत दिवे लावलेले तीन छोटे पंखे आवडले होते.

“लग्नाचा मांडव घालायचाय का? छोटा पंखा म्हणजे रसाकीसारखा. धावपळ फार, गलका फार, वारा काही नाही. तुम्हाला हा मोठा देतो, सावकाश फिरणारा.”

“माझं नाव कशाला घेतोस?” मी म्हणालो.

पेटी त्यानं जाड पत्र्याची, आतून फोम लावलेली घेतली. फिरणारी हार्ड डिस्क नकोच म्हणाला. पॉवर सप्लाय असा घेतला, की काम कमी असलं की त्याचा पंखा आपणहून थांबतो. राहिलं ग्राफिक्स कार्ड, खेळातली चित्रं दाखवणारं. ही कार्डं त्याच्याकडे तोकुन्बो होती, म्हणजे परदेशात वापरून इकडे आलेली.

“आमची पोरं तिकडं, तिकडची कार्डं इकडं,” मम्मी म्हणाल्या. उगोनं त्यांतलं सगळ्यांत दमदार कार्ड निवडलं.

“रविवारी या, मम्मी. ऐकवतो.”

ही त्याची पद्धत होती. बाकीचे लोक मशीन सुरू झालं की गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. जनरेटरच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? उगो रविवारपर्यंत थांबायचा. बाजार बंद, माणसं चर्चमध्ये, सगळं चिडीचूप. मग मशीन बॅटरीवर लावून ऐकत बसायचा. त्याची बायको म्हणायची, “देवाघरी तुझी खुर्ची रिकामी, आणि त्या डब्यापुढं मान वाकवून बसतोस!” माझा नमाज शुक्रवारचा, त्यामुळे रविवारी त्याला सोबत माझीच.

मम्मी सकाळची प्रार्थना आटोपून, डोक्याला निळा ‘गेले’, म्हणजे बायकांचा कडक कापडाचा फेटा, बांधून थेट आल्या. उगोनं खेळ लावला आणि त्यांचं शेत उघडलं. ट्रॅक्टर, कोंबड्या, गव्हाला वारा. त्यानं हाताची घडी घातली.

“ऐका,” तो म्हणाला. “काहीच नाही.”

आम्ही ऐकलं. मम्मींनी मानेवर हात मारला.

“हा डास कुठला रे?”

“कुठला डास?”

“गुणगुणतोय बघ. बारीक.”

मलाही ऐकू येत होतं. पेटीतून बारीक, सुईसारखी शिट्टी येत होती. कार्डावर जोर पडला की त्यातल्या तारेच्या गुंडाळ्या अशी शिट्टी मारतात. हे मला उगोनंच शिकवलं होतं. पूर्वी दुसऱ्यांच्या दुकानासमोरून जाता जाता तो थांबायचा आणि म्हणायचा, “तुमचं कार्ड शिट्टी मारतंय.” लोकांना ते खरंही वाटायचं नाही.

उगोनं कान पेटीला लावला. मग दुसरा कान लावला. मग माझ्याकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं. आवाज नाही म्हणालो असतो तर मम्मी ते मशीन घेऊन गेल्या असत्या आणि तोमिवानं पुन्हा उद्याचा वायदा केला असता.

“येतोय आवाज, उगो,” मी म्हणालो. “गुंडाळीचा.”

त्यानं मशीन बंद केलं, पेटी उघडली, दुसरं कार्ड बसवलं. खेळ पुन्हा सुरू झाला. या वेळी तो मशीनकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कपाळाला आठी घातली. त्यानं तेही कार्ड काढलं.

तिसरं कार्ड जुनं होतं. खेळ सुरू झाला, गहू हलला. मी नुसताच बसून राहिलो. मम्मींनीही मानेवर हात मारला नाही. लांबच्या चर्चमधलं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

“यात चित्रं जरा कमी चमकतील, मम्मी.”

“मला चमक काय करायचीय? पोराचं बोलणं ऐकायचंय.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हेच दे.”

मशीन त्यांच्या गाडीत ठेवून आम्ही परत आलो. उगोनं पहिलं कार्ड पिशवीत घातलं, पिशवीवर पेनानं ‘शिट्टी’ लिहिलं आणि ती फळीवर ठेवली. मग शटर अर्धं ओढून तो तसाच उभा राहिला.

“रसाकी,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला एवढ्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “मी मोठ्यानं बोलतो का रे?”

“नाही,” मी म्हणालो. त्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.