थंडाव्यात वाढलेलं एन्झाइम

तान रुओलानच्या हाताला यश आहे असं कंपनीत सगळेच म्हणत, आणि सर्वांत मोठ्यानं ती स्वतः म्हणे. वुहानमध्ये, नदीच्या वूछांगकडच्या काठावर, तिची कंपनी संशोधकांसाठी प्रथिनं बनवायची. माणसाच्या पेशीत तयार होणारं प्रथिन जिवाणूंकडून करवून घ्यायचं आणि मग त्या काल्यातून नेमकं तेवढंच वेगळं काढायचं, हे तिचं काम.

त्या वर्षी पलीकडच्या हानखौमधून डॉक्टर पेइंची मागणी आली. त्या मुलांच्या डॉक्टर, आणि अंगातली चरबी कशी जळते यावर संशोधन करणाऱ्या. त्यांना मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, एक एन्झाइम हवं होतं. पोट रिकामं असलं की शरीर साठवलेल्या चरबीवर चालतं, ते याच्याच जिवावर. पेइंच्या ओळखीच्या काही घरांत मुलांचं हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तिच्यातला एकच दुवा चुकलेला. पेइंना निरोगी आणि बिघडलेलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं होतं.

निरोगी एन्झाइम रुओलाननं हां हां म्हणता करून टाकलं. बिघडलेल्यानं मात्र नाकीनऊ आणले. जिवाणूंच्या आतच त्याच्या गुठळ्या व्हायच्या. दोन कंपन्यांनी आधीच हात टेकले होते. रुओलाननं जिवाणूंना थंडीत ठेवलं, त्यांची वाढ मुद्दाम रेंगाळू दिली, आणि नव्या प्रथिनाची घडी नीट बसवणारी मदतनीस प्रथिनंही त्यांच्याकडून बनवून घेतली. बाळंतिणीला जपावं तसं जपलं. शेवटी ते आलं, आणि आलं ते पिवळंजर्द. जीवनसत्त्वापासून झालेला एक पिवळा रेणू हे एन्झाइम पोटाशी धरून असतं. तो धरलेला आहे तोवर ते जिवंत.

तिनं दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. "सांगा, यातलं आजारी कोणतं?"

कुणालाच सांगता येईना. ती खूश झाली.

माल पोचला आणि चार दिवसांत डॉक्टर पेइंचा फोन आला.

"तान बाई, तुम्ही मला दोन्ही नळ्यांत निरोगीच भरून दिलंयत!"

"शक्यच नाही."

"तुमचं ते आजारी एन्झाइम घोड्यासारखं धावतंय!"

"म्हणजे बरंच की."

"बरं काय डोंबल! माझ्या पोरांच्या पेशींत ते मेल्यात जमा आहे. हे जिवंत कसं? नळ्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडे. सरळ कबूल करा."

कंपनीचे मालक ओउयांग शेजारीच उभे होते. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेली, म्हणून ती त्यांना दादा म्हणायची. फोन ठेवताच ते म्हणाले, "माफी माग, नवीन माल पाठव, विषय संपव."

"दादा, नवीन म्हणजे काय? तेच पुन्हा पाठवू?"

"चूक कुणाचीही होते, रुओलान."

"होते. ही झालेली नाही. मी साखळी वाचून पाहिलीय. चुकलेला दुवा जिथं असायला हवा तिथंच आहे."

"मग त्या बाईंना खोटं पाडणार आहेस?"

"त्याही खरं बोलतायत, हीच तर अडचण आहे," ती म्हणाली आणि बर्फाचा डबा भरायला घेतला.

नदीखालून जाणाऱ्या मेट्रोत तो डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. भीती अशी तिला वाटत नव्हती. उलट, आपल्या हातच्या वस्तूत आपल्यालाही न कळलेलं काहीतरी आहे, या विचारानं तिला हुरूप आला होता.

डॉक्टर पेइ साठीच्या जवळपासच्या, ठेंगण्या, आणि अस्सल हानखौच्या आवाजाच्या. दारातच म्हणाल्या, "माफी मागायला आलात की भांडायला?"

"जेवायच्या आधी भांडू, नंतरचं नंतर पाहू."

पेइ हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. रुओलाननं आणलेल्या ताज्या नळ्यांवर दोघींनी मिळून तपासणी केली. तेच आलं. खोलीच्या गारव्यात दोन्ही एन्झाइमं जवळजवळ सारखीच पळत होती.

"बघा!" पेइ म्हणाल्या.

"बघतेय. डॉक्टर, ही तुमची पोरं रोज आजारी असतात का?"

"छे! एरवी धडधाकट. उड्या मारतात. आया येऊन रडतात त्या एकाच गोष्टीवरून. पोराला ताप आला, त्यानं जेवण सोडलं, आणि सकाळी ते उठेना. दर वेळी तापच. मी म्हणायचे, तापात पोर खात नाही, उपास घडतो, म्हणून होतं."

रुओलाननं बर्फाच्या डब्याकडे पाहिलं. जिवाणूंना तिनं थंडीत ठेवलं होतं. एन्झाइम काढलं थंड खोलीत, आणलं बर्फात, आणि पेइंनी ते तपासलं गार हवेत. जन्मल्यापासून त्याला कधी ऊबच लागलेली नव्हती.

"डॉक्टर, पाणी तापवायचं भांडं आहे?"

"आहे. का?"

"आपण याला ताप आणू."

पेइंनी उठून स्वतःच भांडं लावलं आणि काटा तापलेल्या पोराच्या अंगाइतका आणून ठेवला. दोन्ही नळ्या पाण्यात उभ्या राहिल्या. दोघी समोर स्टुलं ओढून बसल्या.

निरोगी नळी होती तशीच पिवळी राहिली. दुसरी आधी धुरकट झाली, मग दूध नासावं तशी फाटली. पांढरा चोथा हळूहळू तळाशी बसला, आणि एन्झाइमनं सोडून दिलेला पिवळा रंग वर पाण्यात मोकळा तरंगत राहिला. तपासून पाहिलं तर त्यात जीव उरला नव्हता.

"अगं बाई," पेइ हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "नुसता उपास नाही. तापच त्याला मारतो."

"पोराच्या अंगात ते मुळातच कसंबसं उभं राहत असणार. माझ्याकडे थंडीत नीट घडी बसली, म्हणून धावलं. नळी बरोबरच होती."

"हो, बरोबर होती. ऐकायचंच होतं ना तुला? ऐकलंस." 'तान बाईं'ची 'तू' कधी झाली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. "पण तापाचं मी सांगितलं नसतं तर तू डबा घेऊन आलीस तशी परत गेली असतीस."

"गेले असते," रुओलान म्हणाली. ते मान्य करताना तिला जड गेलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पेइंनी प्रयोग पुन्हा केला, मग आणखी वेगवेगळ्या उष्णतेला केला. एका नळीवरून आयांना सल्ला देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पोरांच्या पेशी गार आणि गरम ठेवून त्यांत तेच दिसतं का, हे पाहण्यात त्यांचा अख्खा हिवाळा गेला. दिसलं. तेव्हा कुठे त्यांनी त्या घरांना एकेक करून बोलावलं आणि बजावलं, की ताप चढायला लागला की पोर जेवेनासं होण्याची वाट पाहायची नाही, साखरेचं पाणी पाजत तडक इकडे यायचं.

ओउयांगना या सगळ्यात धंदा दिसला. "रुओलान, हे आपण जाहिरातीत घालू. आजारी एन्झाइम, निरोग्याइतकं चपळ!"

"दादा, असं छापलंत तर मी तुमच्या दारात उभी राहून ओरडेन. गरम झालं की मरतं, हे आधी छापा. तेच तर त्याचं मोल आहे."

"मेलेला माल कोण घेतो गं?"

"ज्याला ते का मरतं हे शोधायचंय, तो घेतो."

त्यांनी कुरकुर केली आणि छापलं.

वसंतात पेइंनी तिला घरी बोलावलं. कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप सकाळपासून मंद आचेवर होतं. रुओलाननं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा पेइंनी विषय काढला. आणखी एका घरात नवा बिघाड सापडला होता, दुवा वेगळ्याच जागी चुकलेला.

"हा फार वाईट आहे," पेइ म्हणाल्या. "मला नाही वाटत तुला जमेल."

"जमेल."

"अजून पाहिलासुद्धा नाहीस तू."

"तुम्ही वाढा तर खरं," रुओलान म्हणाली. "उद्या सकाळी जिवाणू लावते."