यमाईचा दोरा

शरयू सिस्टरांनी शंभूराजच्या शर्टाची बाही वर सारली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. सहा वर्षांच्या पोराचं मनगट टम्म फुगून जांभळं पडलं होतं. शिरेत बसवलेल्या सलाईनच्या सुईवरून गुंडाळलेला लाल दोरा कातडीत रुतून बसलेला.

"हे कुणी बांधलं?"

सृष्टीनं तोंड उघडलं. एरवी ती कुणाला बोलू देते? आठवीतली पोरगी, पण रोज दोन्ही वेळा भावाला सायकलवर बसवून पलूसच्या या दवाखान्यात आणायची ती तीच. मिरजेहून घरी सोडताना डॉक्टरांनी दिलेला कागद तिला तोंडपाठ होता. मांडीच्या हाडात पू. सहा आठवडे शिरेतून औषध. सुई हलता कामा नये.

म्हणून तर काल तिनं औंधच्या यमाईचा दोरा थेट सुईवरूनच करकचून बांधला होता. "आता हलून दाखवू दे!" असं वर्गात सांगूनही झालं होतं.

"मीच बांधला," शंभूचा हात दुखतो म्हणून आज सोबत आलेली आई म्हणाली. "चुकलं, बाई."

"अहो, परवाच पोरीजवळ सांगितलं ना, ही शेवटची शीर म्हणून?"

कात्रीनं दोरा तुटला. खाली पडला तसा सृष्टीनं त्यावर पाय ठेवला. मग दचकून पाय काढला, वाकली आणि तो मुठीत घेतला.

सिस्टरांनी दुसरा हात पाहिला, दोन्ही पावलं पाहिली. चार ठिकाणी टोचलं, पण शीर मिळेना. शंभू आधी किंचाळला, नंतर नुसताच हुंदके देत राहिला. शेवटी डॉक्टर आले.

"आत्ताच मिरजेला न्या. मानेतली शीर धरावी लागेल. औषधात खंड पडला तर पायाचं काही सांगता येत नाही."

स्टँडवर आईनं शंभूला मांडीवर घेतलं. सृष्टीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

"तायडे," शंभू म्हणाला, "दोरा कुठं हाय गं?"

"कशाला?"

"आता गळ्यात टोचणार न्हवं? मग गळ्यात बांध की. कालच्यावानी, लय घट्ट."

मिरजेची एस.टी. लागली. सृष्टी एका हातानं दांडी धरून चढली. दुसऱ्या हाताची मूठ तिनं उघडली नाही.