भावोजींची पन्नाशी

भावोजींच्या पन्नाशीला ताईने मला बोलावलं ते स्वयंपाकाला. तोंडाने मात्र म्हणाली, "तू आलीस तर त्यांना बरं वाटेल गं. झालं गेलं विसरून जा." ताई म्हणजे माझी मावसबहीण. तळ्याकाठचं एक घर तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलं होतं. शुक्रवार संध्याकाळपासून मित्रमंडळी, खाणंपिणं, आणि रविवारी दुपारच्या जेवणाला खुद्द कंपनीचे मालक. मालक येणार हे ऐकलं आणि मी हो म्हटलं. नाहीतर त्या माणसाच्या वाढदिवसाला मी पाण्याचा पेलाही उचलला नसता.

आमची चहाची कंपनी. चाखायच्या खोलीत आम्ही दोघंच, भावोजी आणि मी. नोकरी त्यांनीच लावली, ते मी नाकारत नाही. रोज सकाळी टेबलावर पांढऱ्या कपांची रांग. एकेका कपातला चमचाभर चहा आवाज करत ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. त्या खोलीची एक रीत होती. आधी धाकट्याने बोलायचं, मग थोरल्याने. म्हणजे धाकटा उगाच थोरल्याची री ओढत नाही. नऊ वर्षं मी आधी बोलले आणि भावोजी मान डोलवून म्हणाले, "बरोबर."

गेल्या वर्षी मी चार दिवस तापाने घरी होते. तेवढ्यात रॉकेलचा वास लागलेली एक मोठी खेप बाहेर गेली आणि बोंबाबोंब होऊन परत आली. भावोजींनी मालकांना माझं नाव सांगितलं, म्हणे मी आजारी पडायच्या आदल्या दिवशी ही खेप पास केली. मी ती पाहिलीसुद्धा नव्हती! पण बावीस वर्षं जुन्या माणसापुढे माझं कोण ऐकतं? केसाने गळा कापला. ज्याच्या नाकाबद्दल शंका, त्याला आमच्या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही. आता मी एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये दोनशे मुलांचे बटाटे सोलते. मला माझी खोली परत हवी होती. त्याहून जास्त, खोटं कशाला सांगू, मला त्यांची जिरवायची होती.

कशी जिरवायची ते मात्र शुक्रवारपर्यंत सुचलं नव्हतं. संध्याकाळी मी दूध तापत ठेवून गाडीतलं सामान उतरवायला गेले. परत आले तर दूध करपून भांडं काळं, घरभर वास. ताई वरून धावत आली, अंगणातून डॉक्टर मित्र ओरडला, "काय जाळताय?" आणि भावोजी? शेगडीपासून दोन हातांवर खुर्चीत बसून मजेत पेपर वाचत होते.

भांडं घासता घासता माझे हात थांबले. हा माणूस एकदाही माझ्याआधी बोलला नव्हता. बाकी नाकाने कांदे सोलायला पहिला! कितीतरी वर्षं तो माझ्याच नाकाने चहा चाखत होता आणि मी ताप येऊन घरी बसले तेव्हाच त्याची पंचाईत झाली.

शनिवारी खात्री करून घेतली. लांबू नावाच्या त्यांच्या उंच मित्राने वाइन आणली होती. त्यातल्या एका बाटलीला चक्क बुरशीचा वास लागलेला. मी मुद्दाम तीच भावोजींच्या पेल्यात ओतली. त्यांनी घोट घेतला आणि ताईकडे पाहिलं. ताईने त्यांच्याच पेल्यातून घोट घेऊन लगेच म्हटलं, "बुरसटलीय का हो?"

"बुरसटलीय तर! फेकून द्या," भावोजी म्हणाले, आणि वाइनवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मंडळी तोंडात बोट घालून ऐकत होती.

म्हणजे ताईला माहीत होतं. पण बायको नवऱ्याला सांभाळणारच, असं म्हणून तिला मी मनातल्या मनात माफ केलं. मीसुद्धा वेडीच.

रात्री न्हाणीघरातली सुवासिक साबणाची वडी घेतली आणि चहाच्या एका डब्यात पत्तीबरोबर बंद करून ठेवली. चहाची पत्ती शेजाऱ्याचा वास पटकन उचलते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

रविवारी कोंबडी भाजली, सूप केलं, तीन थरांचा केक केला. कॅन्टीनवालीने जीव ओतला. मालक बोटं चाटत म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा." हात! मी दातओठ खाऊन हसले.

केक कापून झाल्यावर मी सगळ्यांपुढे तीन तीन लहान कप ठेवले. "मालक, पन्नाशीचा एक खेळ. तीन चहा आहेत. सगळ्यांनी चाखायचे, पण आज वाढदिवस भावोजींचा, तेव्हा पहिला मान त्यांचा. त्यांच्याआधी कोणी चकार शब्द काढायचा नाही."

भावोजींनी पहिला कप ओढला, दुसरा ओढला, तिसरा ओढला. काय तो आवाज, काय ते डोळे मिटणं! मग डोळे उघडले आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने तोंड उघडलं, तसा मी केकचा हा एवढा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "खा गं ताई, सकाळपासून राबतेयस."

"तिसरा," भावोजी शेवटी म्हणाले. "तिसरा उत्तम. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ तर असणारच," लांबू फस्सकन हसला, "साबण आहे तो!" मग सगळ्यांचे चेहरे पाहून त्याने कप खाली ठेवला.

मालकांनी आपला तिसरा कप नाकाशी नेला आणि लांब ठेवला. "कधीपासून?"

भावोजींनी टेबलावरचा चमचा सरळ केला. "चार वर्षं झाली. सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास परत आलाच नाही."

"आणि ती रॉकेलची खेप?"

ताईने केक कसाबसा गिळला. "त्यांना नका विचारू. हिचं नाव सांगा असं मीच म्हटलं होतं." मग माझ्याकडे वळली. "तू एकटी. कुठेही पोट भरशील. आमच्या दोन मुली शिकतायत. मी काय करायला हवं होतं?"

मला विचारायला हवं होतं. तिने विचारलं असतं, तर कदाचित मी तो दोष आपणहून अंगावर घेतला असता. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायचो. मी खुर्चीची पाठ धरली.

मालक उठले. "बाई, उद्या सकाळी खोलीत या. मोठी चूक झाली माझ्याकडून. यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. घरी पाठवू, की पॅकिंगला ठेवू?"

मालकांनी विचारलंच तर पॅकिंगला ठेवा म्हणायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. मुलींकडे पाहून. ताईही आता तेच ऐकायला माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आणून.

"पॅकिंगला नको," मी म्हटलं. "माझ्याच खोलीत राहू द्या. आम्ही चहा चाखून पिकदाणीत थुंकतो ना, ती दिवसातून चार वेळा धुवावी लागते. उन्हाळ्यात फार घाण वास मारते, कोणी टिकत नाही. भावोजींना काही त्रास व्हायचा नाही."

डॉक्टर म्हणाला, "अहो, असं काय..." आणि थांबला. मला भारी वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा अंगभर भारी वाटलं.

भावोजींनी मान वर केली. वाटलं, आता ओरडतील, कप फोडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"किती वाजता येऊ?" त्यांनी मला विचारलं.

"आठला," मी म्हटलं. ताई रडायला लागली. तिला मी रडू दिलं.