तिसऱ्या बटनाचा पोचा

आखाडा बाळापुरात पन्नाशीच्या वरचा कुणीही रामजींना ओळखतो आणि तिशीच्या खालचा कुणीही ओळखत नाही. मधल्या काळात डीजे आला, एवढंच त्याचं कारण. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांच्या बँडशिवाय पंचक्रोशीत नवरदेव घोड्यावर चढत नसे. रामजी पुढे क्लॅरोनेट वाजवत, मागे बारा माणसं. डीजे आल्यावर बारा माणसं बारा वाटांनी गेली, मोठा ढोल शेळीच्या पाण्याला लागला, आणि रामजींच्या घरात खुंटीवर लाल कोट उरला. खांद्यावर सोनेरी गोंडे, छातीवर दोन रांगांत आठ पितळी बटनं.

आठांपैकी तिसऱ्या बटनाला पोचा होता. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीतला. एका गावात मिरवणूक चालली होती. गावाचं नाव कशाला घ्या, पुढं त्याच गावच्या चार लग्नांत रामजी वाजवून आले. वेशीजवळच्या एका घराच्या माळवदावरून दगड आला तो नेमका बटनावर. बटन नसतं तर छातीचं हाड गेलं असतं, असं तेव्हा कंपाउंडर म्हणाला होता.

"सूर तुटला न्हाई," रामजी सांगत. "बटन चेपलं, पर सूर तुटला न्हाई."

"तुटला," कमलबाई चुलीपासून म्हणत. "पाव तास ढोलामागं बसून व्हते हे. मी व्हते ना मिरवणुकीत."

हा वाद तीस वर्षं चालला होता आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती.

कोटाला हात लावायची हिंमत घरात कुणाची नव्हती. लावला तो सुनेनं, संध्यानं. संध्याचा नवरा प्रमोद पुण्यात एका सोसायटीचा वॉचमन. एका खोलीत पाच जण, म्हणून बायको गावाकडं. संध्याला एक नाद होता. टीव्हीवर ऐतिहासिक मालिका लागली की तिचा एक डोळा वरणावर आणि दुसरा राणीच्या दागिन्यांवर. वरण नेहमी लागायचं.

"राणी उपाशी मरत न्हाई, आपुन मरतो," असं म्हणून कमलबाई पातेलं उतरवत.

पाहिलेलं ती करून बघे. भंगारवाल्याकडून बंद घड्याळांचे पट्टे, जळालेल्या मोटारीची तांब्याची तार, जुन्या कपड्यांच्या ढिगातून चेनी, बकलं, झालरी आणायची, आणि त्यातून राणीचा कंबरपट्टा, सरदाराचा शिरपेच उभा करायची. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरी तिच्याकडून नेत. श्रावणात ती औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर चादर पसरून बसे. बौद्धाची सून देवळाबाहेर बसते म्हणून दोन्हीकडचे लोक थोडे थोडे नाराज होते, म्हणजे तसं बराबरच होतं.

प्रमोदनं मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "येत्या भीमजयंतीपर्यंत बघू. तिथं तुझं काही जमलं तर ठीक. न्हाई तर इकडं ये, मॉलमध्ये साफसफाईला बाया घेऊन राहिलेत. खोलीचं बघतो मी."

संध्याला जायचं नव्हतं. रामजींना तर ती जायला नकोच होती. सगळ्या घरात 'मामा, ते वाजवा ना जरा' म्हणणारी तेवढी एकच होती. म्हणून ती कोटाचे गोंडे मागायला आली तेव्हा त्यांनी कात्री पुढे केली आणि म्हणाले, "बटनं बी घे."

"मामा, कोट?"

"बिनबटनाचा बी लटकतो खुंटीला."

तिनं जुन्या कमरपट्ट्याच्या कातड्यावर दोन बाजूबंद केले. एकेकावर चार बटनं, भोवती तांब्याच्या तारेची वेल, खाली कोटाच्या सोनेरी दोऱ्याची झालर. पोचा पडलेलं बटन उजव्या बाजूबंदात आलं. ती ते मागं लपवणार होती.

"काहून?" रामजी म्हणाले. "पुढं लाव. त्यानंच तर काम केलं."

श्रावणात औंढ्याला एक काळ्या चष्म्याची बाई दर्शनाला आली. मुंबईला मालिकेचे कपडे-दागिने बघते म्हणाली. चादरीसमोर बसली आणि उजवा बाजूबंद उचलून पोच्यावरून बोट फिरवत राहिली.

"हा एकच द्या."

"मॅडम, जोडी हाय. तोडू नका."

"अगं, राणीचा एकच हात कॅमेऱ्याकडे असतो."

तिनं संध्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि आपला नंबर दिला. "मालिकेत नाव येणार तुझं. शेवटी पाट्या येतात ना, त्यात."

दिवाळीपर्यंत घरात वरण एकदाही नीट झालं नाही. मग एका भागात राणीच्या दंडावर तो दिसला. शत्रूचा बाण आला, बाजूबंदावर आदळला, बाजूबंदाला पोचा पडला आणि राणी वाचली. त्या पोच्याकडं बघत राणी तीन भाग रडली. रामजी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "दगड व्हता." टीव्हीनं ऐकलं नाही.

पाट्या फार भरभर गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्यानं मोबाइलवर तोच भाग लावला आणि पाट्यांपाशी बोटानं थांबवत थांबवत पाहिला. केस विंचरणाऱ्याचं नाव होतं, घोडे पुरवणाऱ्याचं होतं, चहावाल्याचंही होतं. तिनं तीनदा पाहिलं. दिलेल्या नंबरवर फोन लावला, तो कुणीच उचलला नाही.

संक्रांतीला बाळापूरच्या बाजारात 'राणीचा बाजूबंद' आला. प्लॅस्टिकचा, सोन्यासारखा चकचकीत, जोडीनं. संध्यानं एक हातात घेऊन उलटापालटा केला आणि रामजींपुढं धरला. त्यावर चार बटनं होती आणि चारींना पोचा होता. एकाच बटनावरून साचा काढला होता, आणि तो नेमका तिसऱ्याचा.

"माझ्यावर एकच दगड आला व्हता गं," रामजी म्हणाले.

आता आशा उरली ती मार्चमधल्या प्रदर्शनाची. हिंगोलीला जिल्ह्यातल्या बचत गटांचं प्रदर्शन होतं. पहिल्या आलेल्या बाईला औंढ्याच्या बसस्टँडजवळ वर्षभरासाठी गाळा मिळणार होता. गाळा मिळाला तर पुणं टळणार. सगळं एवढ्यावर आलं होतं. संध्यानं टेबलावर सगळा माल मांडला आणि मधोमध उरलेला डावा बाजूबंद ठेवला. रामजी सोबत गेले. पिशवीत घडी करून बिनबटनाचा कोट नेला. काहून नेता म्हणून कमलबाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "साक्षीला."

परीक्षक म्हणून इतिहासाच्या एक बाई आल्या होत्या, बाहेरगावच्या. चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी सगळं टेबल मन लावून पाहिलं, शिरपेचाचं कौतुक केलं. मग बाजूबंद उचलला.

"हा त्या मालिकेतला ना?"

"व्हय मॅडम. म्हणजे मालिकेतला माझा हाय," संध्या म्हणाली. "मी केलेला त्यांनी नेला. ही त्याची जोडी."

बाई प्रेमळ हसल्या. दिवसभरात असं सांगणारी ती त्यांना तिसरी भेटली होती. "काम सुरेख आहे गं. पण कॉपी करताना बारीक बघायला हवं होतं. यात पोचा नाही."

"पोचा त्या दुसऱ्यावर हाय."

"सगळ्यांवर असतो. ती त्याची ओळख आहे. माझ्या नातीकडं आहे, त्यावर चारही पोचे आहेत."

आता रामजींनी पिशवीतून कोट काढला आणि टेबलावर पसरला. आठ जागी तुटके दोरे होते. "मॅडम, ही बटनं या कोटाची. तिसऱ्याला पोचा व्हता. चौऱ्याण्णव साली मिरवणुकीत दगड आला व्हता, हितं," त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

बाईंनी कोट पाहिला, रामजींना पाहिलं. त्यांचा आवाज अजून मऊ झाला, आणि तेच वाईट झालं.

"बाबा, तो बाणाचा वार आहे," त्या म्हणाल्या. "शत्रूनं तटावरून मारला होता. मालिकेत इतिहास थोडा वाढवतात, पण लोकांना आता तोच माहीत आहे ना."

"बाण न्हाई जी. दगड."

"बरं, दगड," असं म्हणून बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. संध्याला उलटं वाचता येत होतं. 'कल्पकता चांगली. इतिहासाशी प्रामाणिकपणा कमी.'

पहिला नंबर कुरडयांना गेला. कुरडया खरंच चांगल्या होत्या. संध्याला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक बाईला मिळाली तशी एक भेटवस्तू, लाल डबीत. ती डबी तिनं बस कळमनुरीच्या पुढं गेल्यावर उघडली. आत राणीचा बाजूबंद होता, जोडीनं.

 बाळापूरला उतरताना संध्या म्हणाली, "मामा, तुमी उगं तकलीफ घेतली."

"कोटाला जरा हवा लागली," रामजी म्हणाले.

एप्रिल लागला. प्रमोदनं खोली पाहिली, मॉलमधल्या बाईशी बोलून ठेवलं. जयंतीच्या आदल्या दिवशीची नांदेडची बस ठरली, पुढं पुण्याची. संध्यानं तारेची भेंडोळी, पट्टे, झालरी सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला परत दिलं. त्यानं मोठ्या मनानं घेतलं.

जायच्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर कोट मांडीवर घेऊन बसली. डावा बाजूबंद कात्रीनं उसवणार, एवढ्यात रामजींनी हात धरला.

"ते न्हाई. ते तू घेऊन जा."

"मामा, उद्या जयंती हाय. कोट उघडा कसा घालता? निदान चार तरी लावते."

"चारानं कोट बसत न्हाई. लटकू दे."

तिनं कोट बाजूला ठेवला. मग आत गेली, लाल डबी घेऊन आली आणि प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूबंदांवरची बटनं एकेक करून कापली. चार आणि चार. ती कोटावर शिवताना तिचा टाका एकदाही वाकडा पडला नाही. बसच्या वेळेला रामजींनी डावा बाजूबंद तिच्या पिशवीत, डब्याच्या खाली सरकवला. कमलबाईंनी भाकरी बांधून दिली. "तिथं वरण कर, पर टीव्हीपुढं करू नको," म्हणाल्या, आणि दोघी रडल्या. बस वेळेवर आली. आमच्याकडं बस वेळेवर येते ती अशाच दिवशी.

दुसऱ्या दिवशी वस्तीतून मिरवणूक निघाली. पुढं डीजे, त्याच्या भिंतीसारख्या पेट्या, निळा गुलाल. रामजी कोट घालून दाराशी उभे होते, हातात क्लॅरोनेट. डीजेपुढं ते ऐकू येणार नव्हतं, तरी त्यांनी ओठाला लावलं. इतक्यात शेजारच्या पूजाचं लक्ष गेलं. पूजा बारावीला होती, संध्याची जुनी गिऱ्हाईक.

"अय्या आजोबा! राणीची बटनं!" ती जवळ आली आणि मोबाइल वर धरला. "एक फोटो घेऊ? थांबा, बटनं दिसू द्या. आजोबा, बाण लागला म्हणून छातीवर हात ठेवा ना!"

त्यांनी हात ठेवला. पोरगी खूश होऊन गर्दीत गेली. हात होता तिथंच राहिला. बोटांखाली एक पोचा लागला, त्याच्या खाली दुसरा, शेजारच्या रांगेत आणखी. तिसरं कोणतं, ते कळायला मार्ग नव्हता. रामजी हळूच मागं सरले आणि भिंतीला टेकून ढोलाच्या काठावर बसले. शेळीचं पाणी सांडलं.

कमलबाई दारातून बघत होत्या. मिरवणूक पुढं गेली, पेट्यांचा आवाज जरा उतरला, तशा त्या येऊन शेजारी बसल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सूर तुटला नव्हता तुमचा. मीच उगं म्हणायची."

रामजींनी क्लॅरोनेट मांडीवर आडवं ठेवलं.

"तुटला व्हता गं," ते म्हणाले.